निळ्या झाकणातला युरिया

गाडी आली त्या दिवशी मी तिला ओवाळलं. चारी चाकांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, बोनेटवर स्वस्तिक काढलं. मालक, म्हणजे माझा नवरा, आत बसून गाडी लिंबांवरून पुढं घेत म्हणाले, "बघ, तुझ्या बापाचं रान दारात येऊन हुबं राहिलं." ते हसून म्हणाले. मला लागावं म्हणून म्हणाले नसतील, पण लागलं.

रान ईटचं, माझ्या माहेरच्या गावचं होतं. वडील वारल्यावर माझा धाकटा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन जळकोटला आमच्या घरी आला होता. आमच्याकडं बहिणी तो कागद करून देतात. रानातला हक्क भावाला सोडायचा आणि माहेरचा उंबरा आपल्यासाठी ठेवून घ्यायचा, असा तो सौदा असतो. तसं तोंडानं कुणी बोलत नाही एवढंच. मी पेन हातात घेतलं होतं. मालकांनी कागद माझ्यापुढून उचलला आणि भावाच्या हातात परत दिला. "कायद्यानं अर्धं तिचं हाय, पाव्हणं." भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी चहा ठेवायला आत गेले.

माझा वाटा पुढं विकला गेला. विकला तोही कुणाला, तर भावाच्या बांधाला ज्याचा बांध आहे आणि ओढ्याच्या पाण्यावरून ज्याचं भावाशी वैर आहे, त्याला. गिऱ्हाईक तेवढंच मिळालं, असं मालक म्हणाले. त्या वर्षी नागपंचमीला मला न्यायला ईटहून कुणी आलं नाही. त्याआधी एक पंचमी चुकली नव्हती. पुढच्या वर्षीही कुणी आलं नाही. मला गाडी नको होती, रानही नको होतं. पंचमीला भावानं दारात येऊन "आक्का, आवर" म्हणावं, एवढं मला पाहिजे होतं.

गाडी डिझेलची, मोठी, पांढरी. पुण्याच्या कुण्या डॉक्टरनं वापरलेली. आत चामड्याच्या शिटा, वर सरकणारी काच. आमच्या गावाला लागून मोठा रस्ता जातो. त्यावरून हैदराबादकडं जाणाऱ्या अशा गाड्या मालकांनी टपरीवर बसून जन्मभर बघितल्या होत्या. त्यांनी स्वतः ट्रॅक्टर आणि मोटरसायकल सोडून काही चालवलं नव्हतं. विकणारा म्हणाला, साध्या नव्या गाडीच्या किमतीत ही राजाची गाडी घेऊन जा. गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, पण तिच्या दुखण्याची किंमत उतरत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

मालकांनी तिला ट्रॅक्टरसारखं वागवलं. पहिल्याच आठवड्यात बोनेट उघडून इंजिनावर पाण्याच्या मोटारीचा पाइप सोडला. ट्रॅक्टर तसाच धुतात. दुसऱ्या दिवशी समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, तो सोलापूरला नेऊन दाखवल्याशिवाय गेला नाही. कडब्याच्या शेजारी पत्र्याखाली गाडी लावली, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या. मग मी मांजर पाळली. मांजर शिटांवर झोपायला लागली, म्हणून तिला हाकलायचं कामही माझंच झालं. ही गाडी स्प्रिंगावर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी असते. एक फुगा गळायला लागला. रोज सकाळी बघावं तर एका अंगाला कलंडलेली. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काय वं, तुमच्या म्हशीचं पोट दुखतंय व्हय? एका कुशीवर बसलीया."

मी हसायचे. मला उलटं बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हाही मी काही म्हणाले नव्हते.

एकदा सोलापूरच्या गॅरेजातल्या मेस्त्रीनं सांगितलं की गाडीच्या धुराच्या नळीत काजळी साठते आहे. गावातल्या गावात घर ते रान, रान ते टपरी असं फिरवलं की ती साठतच जाते. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर पळवली की आतल्या आत जळून जाते. झालं. दर आठवड्याला आम्ही उमरग्याच्या बाजूला जायचो आणि काहीच काम न करता परत यायचो. एकट्यानं रिकामं हिंडताना बरं दिसत नाही म्हणून मालक मला मागं बसवायचे. टपरीवर कुणी विचारलं की म्हणायचे, "दवाखान्यात चाललोय. घरच्यांचं दाखवायचं हाय." थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीला मी आजारी आहे असं वाटायला लागलं. एकीनं तर कानाशी येऊन विचारलं, "गाठ बिठ न्हाय ना गं बाय?"

त्या फेऱ्यांमध्ये एकदा मी म्हणाले, "एवढं डिझेल जाळायचंच हाय, तर ईटला जाऊन येऊ की."

मालक आरशातून माझ्याकडं बघून म्हणाले, "बोलावलंय का त्यांनी?"

बोलावलं नव्हतं.

डिझेलच्या झाकणाशेजारी आणखी एक निळं झाकण आहे. त्यात एक पाणी टाकावं लागतं, धूर स्वच्छ करणारं. पंपावर त्याचे सीलबंद कॅन मिळतात. पहिले दोन-तीन कॅन मालकांनी आणले. मग एकदा मेस्त्रीच्या तोंडून गेलं की त्यात दुसरं काय असतंय साहेब, युरिया अन् पाणी. त्या दिवशी मालक सगळ्या रस्त्यानं तोंडातल्या तोंडात हसत होते.

"युरिया! आपल्या घरात पोत्यानं पडलाय की. आन् ही पंपवाली माणसं डब्यात भरून आपल्यालाच इकत्यात."

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. उसाला आणलेल्या पोत्यातला युरिया त्यांनी बादलीत घेतला, बोअरचं पाणी ओतलं आणि काठीनं ढवळला. गाळायला माझं जुनं मऊ लुगडं फाडून घेतलं. मला म्हणाले, नरसाळ्यावर फडकं धर. मी धरलं.

"सील असलेलंच टाका म्हणला व्हता की मेस्त्री," मी म्हणाले.

"चौथी शिकलेल्या बाईनं मला गाडी शिकवायची. धर नीट, सांडतंय."

गाडीनं काही दिवस काहीच म्हटलं नाही. मालकांनी टपरीवर चार जणांना युक्ती सांगितली. मग समोरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली आणि त्यांच्याखाली एक आकडा. अक्षरं मला कळत नव्हती, आकडा कळत होता. प्रत्येक फेरीला तो आकडा कमी व्हायचा. मी विचारलं तर म्हणाले, "सेन्सर खराब हाय. जुन्या गाडीत तसं दाखवतंच." पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तू मागं बस." मी मागंच बसले होते.

उन्हाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका ईटहून तुळजापूरला दर्शनाला आलेल्या एका बाईच्या हातून आली. भाऊ स्वतः आला नाही. तरी पत्रिकेवर भावाच्या हातानं लिहिलं होतं, "आक्का व दाजी यांस." ते अक्षर मी कितीदा बघितलं असेल. आमच्या माहेरी नवरीला पहिली हळद आत्या लावते. मला वाटलं, यंदा जाऊन हळद लावली, त्याच्यापुढं उभं राहिले, तर सगळं सुटेल. तेव्हा कागदावर का बोलले नाही ते त्याला सांगता येईल. निदान तो विचारेल तरी.

मी मालकांना म्हणाले, "आपण यष्टीनं जाऊ." त्या रानाच्या पैशाची गाडी त्याच्या मांडवापुढं लावायची मला लाज वाटत होती. अर्ध्या तिकिटात मी जाऊन आले असते.

"दारात गाडी हाय आन् बायको यष्टीनं गेली, हे लोकांनी म्हणायचं व्हय? त्यांना बी बघू दे."

हळदीच्या दिवशी पहाटे निघालो. तुळजापूर, धाराशिव, सगळं नीट झालं. आकडा आता अगदी लहान झाला होता. भूम सोडून पुढं गेल्यावर तो संपला आणि शून्य दिसायला लागलं, पण गाडी चालतच होती. मला वाटलं, खरंच सेन्सरच खराब असेल. ईट जवळ आलं तेव्हा मालकांनी एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली आणि बंद केली. गाडीवर धूळ बसली होती. तशी गावात न्यायची नव्हती. मला फडकं आणि पाण्याची बाटली दिली, स्वतः मागं ठेवलेला इस्त्रीचा सदरा अंगात घातला. मी नव्या लुगड्याचा पदर खोचून चाकं पुसली, नंबरप्लेट पुसली. गाडी आरशासारखी झाली. मालक आत बसले, आणि ती सुरू झाली नाही.

किती वेळा त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर तेच इंग्रजी आणि तेच शून्य. शेवटी त्यांनी सोलापूरला मेस्त्रीला फोन लावला. वारा होता, म्हणून आवाज मोठा केला होता. मी फडकं पिळत शेजारीच उभी होते.

मेस्त्रीनं पडद्यावर काय दिसतंय ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, त्यो आकडा म्हंजी उरलेली किलोमीटर. ती सपली, तरी चालू व्हती तवर चालली. आता बंद केलीत, आता व्हनार न्हाय. निळ्या झाकनात काय टाकलं व्हतं तुमी?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. मग रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "घरात बाईमानूस, काय सांगू मेस्त्री. कॅन संपला व्हता, मी घरी नव्हतो. हिनं रानातला युरिया कालवून टाकला."

मेस्त्री हसायला लागला. "वहिनीनं गाडीला खत घातलं म्हना की! आता कणसं लागतात का बघा साहेब."

मालकही हसले. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडं बघतील असं मला वाटत होतं. ते बोनेट उघडून उगाच आत बघत राहिले.

भावाला फोन करायचं त्यांना धाडस झालं नाही. मी भावजयीला केला. थोड्या वेळानं भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, डोक्याला टॉवेल, अंगावर मांडवाची धूळ. इतक्या वर्षांनी तो समोर आला होता. कानाजवळ केस पांढरे झाले होते. खाली उतरून आधी माझ्याकडं आला.

"आक्का, बरी हायस?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत मालक पुढं आले. "तुमच्या आक्काचा परताप बघा, पाव्हणं. लाखाच्या गाडीत युरिया वतला हिनं. म्या घरी नसताना."

भावानं गाडीकडं बघितलं. निळ्या झाकणाकडं बघितलं. मालकांच्या हातातल्या किल्लीकडं बघितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो हसला.

"आक्का पहिल्यापासनं तशीच हाय, दाजी. लहान असताना हिनं पेंडीच्या घमेल्यात डाळीचं पीठ कालवून बैलाला घातलं व्हतं. आईनं लई हाणलं."

"मग मला आधी सांगायचं व्हतं की!"

"आधी सांगितलं असतं तर केली असती व्हय तुमी?"

दोघं खदखदून हसले. कागद परत दिल्यापासून ते दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आता एकानं साखळी धरली, एकानं आकडा लावला. "दाजी, तुमी स्टेरिंग धरा, म्या हळू घेतो." भावानं मालकांच्या पाठीवर हात ठेवला. मी मागं बसले. चकचकीत पुसलेली गाडी साखळीला बांधून, ट्रॅक्टरमागून, ईटच्या वेशीतून मांडवापुढं गेली. लोक उठून बघत होते. भाऊ ट्रॅक्टरवरूनच ओरडून सांगत होता, "काय न्हाय, आमच्या आक्कानं गाडीला खत घातलंय!"

हळद माझ्यासाठी थांबवली होती. भावजय म्हणाली, "आत्याबगर कशी लागंल?" मी भाचीच्या गालाला हळद लावली. ती म्हणाली, "आत्या, थोडा युरिया बी लाव की, झटक्यात गोरी होऊ दे." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. दोन दिवस मी त्या मांडवात युरियावाली आत्या होते. मालकांना फेटा बांधला, मानाचा आहेर केला, पंगतीत भावानं स्वतः वाढलं. मला एकदा वाटलं, चला, माझ्या नावावर का होईना, जुळलं. पण रात्रभर झोप लागली नाही. भावाला जे सांगायचं होतं त्याला जागाच उरली नव्हती. वेंधळ्या बाईनं कागदावर तोंड उघडलं नाही याचं कारण कुणी विचारत नाही.

गाडी ट्रकवर घालून सोलापूरला नेली. टाकी, पंप, नळ्या सगळं बदलावं लागलं. मेस्त्रीनं जुनी नळी दाखवली, आत साखरेसारखे पांढरे खडे घट्ट बसलेले. त्या कामासाठी घरातलं काय गेलं ते मी लिहीत नाही.

टपरीवर, पाहुण्यांत, जिथं गाडीचा विषय निघेल तिथं मालक युरियाची गोष्ट सांगायचे. सांगता सांगता त्यात भर पडली. मी आधी विचारलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं, असंही त्यात आलं. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. जेवताना ते अगदी शांतपणे मला म्हणाले, "तवा तू तेवढा युरिया टाकला नसतास, तर आज ही पाळी आली नसती." कुणी ऐकणारं नव्हतं. मलाच सांगत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना ते खरं वाटत होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. यष्टीनं आला, हातात लाह्यांची पिशवी. मला न्यायला. मी केव्हाची तयारी करून ठेवली होती, त्याच्या पोरीला साडी, भावजयीला बांगड्या. मालकांनी त्याला खाटेवर बसवलं, पंखा लावला. चहा घेऊन मी बाहेर आले.

"काय युरियावाली, आवरलं का न्हाय?" भाऊ म्हणाला.

मालक हसले.

मी कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "युरिया म्या टाकला न्हाय."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मालक उठले. "मोटर चालू ऱ्हायलीय वाटतं," असं म्हणून बाहेर गेले. मोटर बंद होती. लाइटच नव्हती रानात त्या वेळी.

भावानं बशीत चहा ओतला, फुंकला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला ठाव हाय, आक्का."

"कधीपासनं?"

"तवाच. ते झाकण किल्लीबगर उघडत न्हाय. आन् दाजी किल्ली तुझ्या हातात देत्यात व्हय कधी?"

"मग तू हसलास का?"

"आता काय करायचं व्हतं? जावई हाय ते. पोरीच्या मांडवात पाव्हण्याचं तोंड पाडायचं व्हय? हसून नेलं. सगळं गोड झालं का न्हाय? पुन्हा येणं-जाणं सुरू झालं."

"माझ्या तोंडाचं काय?"

तो खरंच गोंधळला. त्याला प्रश्न कळला नाही असं नाही. असा प्रश्न असू शकतो, हेच त्याला नवीन होतं.

"तुझं काय, आक्का? तू आपलीच हायस."

हे त्यानं मायेनं म्हटलं. म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. मी आत गेले, साडी आणि बांगड्या वेगळ्या पिशवीत घातल्या आणि ती पिशवी त्याच्या शेजारी खाटेवर आणून ठेवली. म्हणाले, "ह्या पोरीला आन् तिच्या आईला दे. मी येत न्हाय."

त्यानं दोन-तीनदा समजावलं. लोक काय म्हणतील म्हणाला. गाडीचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतंय म्हणाला. मी वाद घातला नाही, मला तो येतही नाही. त्याला जेवू घातलं. तो दुपारच्या गाडीनं गेला. जाताना पाया पडला, मी डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या बायकांबरोबर वारुळाला गेले. दर वर्षी त्यात तीन-चार जणी असतातच, ज्यांना माहेर नाही. एक जण सरकली आणि माझ्यासाठी जागा केली.